सवलतीचे दुकान आणि लहान गावची पेठ

आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या तराजूवर चालत आला. म्हणून एका परदेशी दुकानदाराची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सॅम वॉल्टन यास आपल्या भाषेत वाणीच म्हणावयाचे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात न्यूपोर्ट या लहानशा गावी त्याने १९४५ साली पहिले दुकान घेतले व नावारूपास आणिले. परंतु भाडेपट्ट्यात मुदतवाढीचे कलम नव्हते. मुदत संपताच जागामालकाने ती जागा स्वतःच्या मुलाकरिता ठेवून घेतली आणि वॉल्टनला बिऱ्हाडासह बेन्टनव्हिल येथे जावे लागले. (भाड्याच्या जागेत दुकान असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

२ जुलै १९६२ रोजी शेजारच्या रॉजर्स गावी त्याने पहिले 'वॉलमार्ट' उघडले. इतर बडे व्यापारी शहरांकडे धावत असता याने लहान गावे निवडली. नगामागे नफा थोडा, उलाढाल अफाट. एक मोठी वखार, आणि तिच्यापासून दिवसभरात मालमोटार पोहोचेल एवढ्याच टापूत दुकाने, अशी त्याची रीत. माल स्वस्त मिळाला व गरिबाच्या घरी चार पैसे वाचले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि आयोवा राज्य विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी तेथील गावे अभ्यासिली, तेव्हा दिसले की ज्या गावी हे दुकान आले तेथील एकूण विक्री वाढली, पण तोच माल विकणाऱ्या जुन्या दुकानांची घटली. आणि आसपासच्या लहान गावांचे गिऱ्हाईक ओढले गेले.

याहून बोलके उदाहरण उत्तर कॅरोलिनातील ओरिएंटल या सुमारे नऊशे वस्तीच्या गावाचे. तेथे २०१४ साली वॉलमार्टची छोटी शाखा आली. गावचे जुने वाणसामानाचे दुकान २०१५ मध्ये बंद पडले. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जगभरातील २६९ दुकाने मिटविण्याचे ठरविले. त्यांत ही शाखाही गेली. गावात ना जुने दुकान उरले, ना नवे!

इकडे २०१२ साली किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलास सशर्त मुभा मिळाली, आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतला. देशी भांडारे तर त्याआधीच आली होती. आमच्या तालुक्याच्या गावी वळणरस्त्यावर असेच एक उभे राहिले. महिन्याच्या आरंभी रोखीचे गिऱ्हाईक तिकडे जाते. वीस तारखेनंतर तेच आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या दुकानी उधारीस येते. त्यांनी अद्याप कोणास परत पाठविल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

ज्ञातीच्या वसतिगृहातील देणगीदारांचा फलक आम्ही परवा सावकाश वाचला. निम्म्याहून अधिक नावे किराणा, कापड व भांड्यांच्या दुकानदारांची आहेत. त्यांतील अकरा दुकाने आम्हांस माहीत होती. आज उघडी आहेत चार. बंधूंनी यंदाही दिवाळीत वहीपूजन केले. चिरंजीव पुण्यास नोकरीत आहेत. वही पुढे कोण लिहिणार, हे आम्ही विचारले नाही.