पृष्ठाची रुंदी आणि संहितेची ओळ

मुद्रित पृष्ठाचे आकारमान एकदा निश्चित झाले की एका आवृत्तीच्या सर्व वाचकांसाठी ते सारखेच राहते. वेबपृष्ठाच्या बाबतीत ही निश्चिती आरंभापासूनच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत विकसित केलेली वेब १९९१ मध्ये संस्थेबाहेर खुली झाली. तिच्यावरील मजकूर खिडकीच्या रुंदीनुसार नव्याने ओळींत विभागला जाई. शीर्षक कोणते व परिच्छेद कोणता एवढेच एचटीएमएल सांगत असे. ओळ कोठे मोडावी हे ठरवणे तिचे काम नव्हते.

मुद्रणाच्या संस्कारातून आलेल्या रचनाकारांना ही अनिश्चितता मानवली नाही. तक्त्यांचे रकाने वापरून त्यांनी ठरावीक रुंदीची पृष्ठे बांधली. हाकॉन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या व १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या सीएसएसने आशय आणि दृश्यरूप यांची फारकत केली. तरीही स्थिर पृष्ठाची सवय टिकून राहिली. भ्रमणध्वनीसाठी १९९८ पासून वॅप ही वेगळी व्यवस्था आली आणि एकाच मजकुराच्या मोठ्या व लहान पडद्यांसाठी दोन आवृत्त्या सिद्ध होऊ लागल्या. २००७ च्या आयफोनने याउलट मार्ग धरला: पृष्ठ ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते आक्रसून दाखवायचे व मोठे करण्याचे काम वाचकाच्या बोटांवर सोपवायचे. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये वास्तुकलेतील एका संज्ञेच्या आधारे प्रतिसादी रचनेची कल्पना मांडली. प्रवाही रकाने, लवचीक चित्रे आणि पडद्याची रुंदी तपासणारे नियम यांच्या साहाय्याने एकच संहिता निरनिराळ्या रूपांत प्रकट होऊ लागली. हे नियम २०१२ मध्ये प्रमाणित झाले.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. मालार्मे यांची फाशांच्या फेकीवरील दीर्घ कविता १८९७ मध्ये ‘कॉस्मोपोलिस’ या नियतकालिकात आली, तेव्हा एकेरी पृष्ठ हे रचनेचे एकक होते. कवीला मात्र समोरासमोरची दोन पृष्ठे मिळून एक एकक अभिप्रेत होते. तशी मांडणी १९१४ च्या ग्रंथात, म्हणजे कवीच्या निधनानंतर सोळा वर्षांनी, वाचकांपुढे आली. शब्द बव्हंशी तेच असूनही या दोन प्रकाशनांना एकच संहिता म्हणणे कठीण आहे.

मराठी हस्तलिखित परंपरा याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. पोथीत ओवी सामान्यतः गद्यासारखी सलग लिहिली जाई. पानाची कड आली की ओळ संपे. ओवी संपे ती दंडाने आणि क्रमांकाने. पान रुंद असो वा अरुंद, छंदाला बाध येत नसे, कारण पद्याची सीमा पानावर नव्हे, तर चिन्हात आणि यमकाच्या श्रवणात होती. चरणागणिक नवी ओळ हा मुख्यतः मुद्रणाने रूढ केलेला संकेत होय. मुक्तछंदाने पुढे त्याच संकेतावर आपली लय उभारली. तिथे ओळीचा शेवट सांगणारा दंड नाही, यमकाचाही आधार नाही. जे आहे ते कोऱ्या जागेत.

म्हणूनच अरुंद पडद्यावर या दोन परंपरांचे भवितव्य सारखे नाही. ओवी कोठेही मोडली तरी ओळखता येते. मुक्तछंदाची लांब ओळ मात्र पडद्याच्या कडेला मोडली की यंत्राने केलेला खंड आणि कवीने योजलेला विराम डोळ्यांना सारखेच दिसतात. वाढलेला भाग आत सरकवून छापण्याची मुद्रकांची जुनी रीत पडद्यावरही साधता येते. परंतु त्यासाठी कोणता खंड संहितेचा व कोणता पृष्ठाचा, याची नोंद संपादकाने मूळ संहितेतच केलेली असावी लागते. पोथीच्या लेखनिकाकडे त्यासाठी दंड होता. अंकीय आवृत्तीच्या संपादकाने तो निर्णय रचनाकारावर सोपवला, तर कवितेचा पाठ वाचकाच्या हातातील यंत्रागणिक बदलत राहील, आणि पाठभेदाची नोंद करायला कोणतीही एक प्रत शिल्लक उरणार नाही.