काटेरी तार आणि मुक्त कुरणांचा अस्त

१/५
अमेरिकेच्या पश्चिमेकडील मैदानांवर मांसासाठी पाळलेली गुरे एकेकाळी मोकाट चरत. मालकी ओळखली जाई ती अंगावरील डागण्यांवरून. सर्वांचे वळू एकत्र फिरत. त्यामुळे महागडा वळू आणूनही पैदास सुधारण्याची शाश्वती नसे. लाकूड दुर्मीळ असल्याने कुंपण परवडत नसे.

२/५
इलिनॉयमधील शेतकरी जोसेफ ग्लिडन याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि कुंपण स्वस्त झाले. परंतु तारांनी पाणवठेही अडवले. १८८३ मध्ये टेक्सासात भूमिहीन गुरेवाल्यांनी रात्री तारा तोडल्या. १८८४ मध्ये तेथे तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरला.

३/५
उत्तरेकडे मुक्त चराई चालूच होती. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, त्यात कुरणांवर गुरांची गर्दी. चाऱ्याचा साठा बहुतेकांनी केलाच नव्हता. हिवाळ्यातील हिमवादळांत गवत गोठलेल्या बर्फाखाली गेले आणि लाखो गुरे उपासमारीने व थंडीने मेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनीही डाकोटातील निम्म्याहून अधिक गुरे गमावली.

४/५
जे टिकले, त्यांनी पद्धत बदलली. कळप लहान केले, उन्हाळ्यात गवत कापून गंजी रचल्या. कुंपणाआड निवडक हेरफर्ड वळू ठेवता आला. तो ठरावीक काळच गायींत सोडल्याने वासरे कडाक्याची थंडी सरल्यावर जन्मत.

५/५
कुंपण, वैरण आणि पैदास ही गोपालनाची त्रिसूत्री अशी घडली. तिची किंमत मात्र गुरांनी आणि भूमिहीनांनी मोजली.