युद्धाचा ताळेबंद



परराष्ट्रधोरण आणि संरक्षण हे मुत्सद्द्यांचे व सेनापतींचे विषय, त्यांत सामान्य माणसाने पडू नये, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. पण युद्धाचा खर्च करांतून हाच माणूस भरतो आणि सीमेवर मुलगाही त्याचाच उभा असतो. म्हणून या धोरणाचा हिशेब त्याला कळला पाहिजे.

हा हिशेब अभ्यासपूर्वक मांडण्याची खटपट आपल्या देशात स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाली. सर तेजबहादूर सप्रू, पंडित हृदयनाथ कुंझरू प्रभृतींच्या पुढाकाराने १९४३ साली ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ स्थापन झाली. तिच्या आश्रयाने १९५५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय विषयांच्या उच्च अध्ययनाची संस्था निघाली. ती १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. संरक्षणाच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था मात्र १९६२ च्या पराभवानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी उभी राहिली. १९६८ पासून के. सुब्रह्मण्यम यांनी तिला नावारूपाला आणले.

संस्था झाल्या, पण अभ्यासाला लागणारे मूळ कागद?

१९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनानींची कुवत हे चौकशीचे विषय होते. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला, अहवाल मात्र बंदच राहिला. २०१० साली, म्हणजे ४७ वर्षांनंतरही, तो अत्यंत संवेदनशील असल्याचे लोकसभेला सांगण्यात आले. २०१४ साली त्याचा बराच भाग नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने उघड केला! २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने सामान्यतः २५ वर्षांनी कागद खुले करण्याचे धोरण जाहीर केले; पण हा अहवाल सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही.

कामगार चळवळीतल्या माणसाला यातले मर्म चटकन कळते. बोनसच्या बोलणीला बसताना कंपनीचा ताळेबंद हाती नसेल, तर मालक सांगेल तो तोटा खरा मानावा लागतो. कागदावाचून अभ्यासकाचीही तीच गत होते. मग तो सरकारचे म्हणणे गिरवतो, नाहीतर ऐकीव गोष्टींवर ग्रंथ रचतो.

कागद खुले केल्याने देश दुबळा होतो का? कारगिलचे उदाहरण पाहा. १९९९ च्या त्या युद्धानंतर सुब्रह्मण्यम यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि काही मजकूर वगळून तिचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्यावर मंत्रिगट बसला, गुप्तवार्तेच्या व्यवस्थेतील उणिवा चर्चेला आल्या आणि २००२ साली तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था निर्माण झाली. शत्रूला त्यातून काही लाभ झाल्याचे ऐकिवात नाही. लाभ झाला तो आपल्याच सैन्याला.

१९६२ साली अपुऱ्या कपड्यांनिशी हिमालयात लढलेल्या जवानांचे वारस आज आजोबा झाले आहेत. बाप का मेला, हे सरकारी कागदावर वाचण्याचा त्यांचा हक्क आहे. तो त्यांना मिळावा, असा आग्रह आपल्यासारख्या नागरिकांनी धरला पाहिजे.