ब्रुनो टाउट : कामगारांच्या घरांचा वास्तुकार

जर्मन वास्तुकार ब्रुनो टाउट (१८८०–१९३८) यांचा जन्म पूर्व प्रशियातील क्यॉनिग्सबर्ग येथे झाला. १९१४ साली कलोन येथे वेर्कबुंड या कलाकार-उद्योजकांच्या संघटनेच्या प्रदर्शनात त्यांनी उभारलेल्या काचमंडपाने त्यांचे नाव झाले. त्यावर कवी पाउल शेरबार्ट यांच्या ओळी कोरल्या होत्या.

त्यांचे खरे मोठेपण मात्र कामगारांच्या घरांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये घरांची भीषण टंचाई होती. कोंदट, अंधाऱ्या इमारतींत कुटुंबे दाटीवाटीने राहत. १९२४पासून गेहाग या गृहनिर्माण संस्थेसाठी टाउट यांनी हजारो घरे आखली. मार्टिन वाग्नर यांच्यासह रचलेली बर्लिनच्या ब्रिट्झ भागातील वसाहत घोड्याच्या नालासारखी वळलेली असून मधोमध तळे आणि हिरवळ आहे. उजेड, मोकळी हवा आणि बाग सामान्य भाडेकरूलाही मिळावी, हा त्यामागचा आग्रह. बांधकाम काटकसरीचे, पण भिंती निळ्या, पिवळ्या, तांबड्या. कारण रंग हे सौंदर्याचे सर्वांत स्वस्त साधन. पांढऱ्या भिंतींतच आधुनिकता पाहणाऱ्या समकालीनांपेक्षा ही दृष्टी निश्चितच अधिक माणुसकीची होती.

१९३३मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. जपानमध्ये त्यांनी कात्सुरा राजवाड्यावर लेखन केले. १९३६मध्ये ते इस्तंबूलला प्राध्यापक झाले. तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष अतातुर्क यांच्या अंत्यदर्शनाचा मंच रचल्यावर काही आठवड्यांतच, २४ डिसेंबर १९३८ रोजी, त्यांचे निधन झाले. २००८मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बर्लिनच्या सहा वसाहतींपैकी चार टाउट यांच्या आहेत.