न लागलेली जोड : जॉन सुलिव्हन आणि पीटर जॅक्सन

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन हेवीवेट मुष्टियोद्धे एकाच काळात ऐन भरात होते. एक बॉस्टनचा जॉन एल. सुलिव्हन, दुसरा ऑस्ट्रेलियात घडलेला पीटर जॅक्सन. या दोघांची जोड कधीच लागली नाही. ती लागली असती तर काय घडले असते आणि ती का लागली नाही, याविषयीचा हा थ्रेड.

२/ सुलिव्हनचा जन्म १८५८ सालचा, आयरिश स्थलांतरितांच्या घरातला. ७ फेब्रुवारी १८८२ रोजी मिसिसिपी सिटी येथे पॅडी रायनला नऊ फेऱ्यांत लोळवून तो विजेता झाला. पुढे त्याने अमेरिकाभर दौरा काढला : आपल्यासमोर चार फेऱ्या टिकेल त्याला रोख इनाम. उजवा ठोसा भयंकर आणि डाव एकच, थेट अंगावर जाणे.

३/ जॅक्सन कृष्णवर्णीय. जन्म डॅनिश वेस्ट इंडिजमधील सेंट क्रॉय बेटावरचा. खलाशीपण करून तो सिडनीत लॅरी फोलीच्या तालमीत शिकला आणि १८८६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा हेवीवेट विजेता झाला. सुलिव्हनपेक्षा तो दोन-तीन वर्षांनी लहान आणि सुमारे तीन इंच उंच होता. लांब डावा हात, हलके पाय आणि शांत डोके ही त्याची शस्त्रे.

४/ १८८८ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत आला. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील अव्वल कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॉर्ज गॉडफ्रे याला त्याने १९ फेऱ्यांत हरवले. डिसेंबरमध्ये गोऱ्या जो मकॉलिफला २४ फेऱ्यांत. आता समोर उरला तो सुलिव्हन.

५/ सुलिव्हनचे उत्तर उघड होते. मार्च १८९२ मध्ये त्याने जाहीर आव्हान दिले. पहिली पसंती फ्रँक स्लाव्हिन, मग चार्ली मिचेल, मग जेम्स कॉर्बेट. कृष्णवर्णीयाशी आपण आजवर लढलो नाही आणि पुढेही लढणार नाही, हेही त्यात स्पष्ट केले. दोनच महिन्यांनी, ३० मे रोजी, लंडनमध्ये जॅक्सनने त्याच स्लाव्हिनला दहा फेऱ्यांत हरवले.

६/ कल्पनेतील लढतीलाही साल, स्थळ आणि नियम ठरवावे लागतात. १८८४ निवडणे जॅक्सनवर अन्याय ठरेल. तेव्हा तो शिकाऊ होता आणि बिल फार्ननने त्याला हरवले होते. १८९२ निवडणे सुलिव्हनवर अन्याय ठरेल. मद्य आणि आराम यांनी त्याचे शरीर सैलावले होते. न्याय्य काळ म्हणजे १८८९चा उन्हाळा.

७/ ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतील रिचबर्ग येथे सुलिव्हनने जेक किलरेनला ७५ फेऱ्यांनंतर हरवले. भर उन्हात, उघड्या मुठींनी, दोन तासांहून अधिक वेळ. विल्यम मल्डून याने त्याच्याकडून कसून तयारी करून घेतली होती. अशा सुलिव्हनसमोर किलरेनच्या जागी जॅक्सन उभा राहिला असता तर?

८/ तर सर्वप्रथम स्थळ बदलावे लागले असते. त्या काळच्या मिसिसिपीत गोऱ्यांच्या लाडक्या विजेत्याला पाडून कृष्णवर्णीय माणसाने सुखरूप परतणे कठीण होते. म्हणून ही लढत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अॅथलेटिक क्लबात मांडावी. हातमोजे आणि क्वीन्सबरी नियम : तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती.

९/ पहिला पुरावा मिचेलचा. मार्च १८८८ मध्ये फ्रान्समधील शांतिली येथे, पावसात, तो सुलिव्हनपुढे ३९ फेऱ्या टिकला आणि लढत बरोबरीत सुटली. मिचेल अंगाने कितीतरी लहान होता, पण सतत सरकत राहिला. सरकणारा प्रतिस्पर्धी सुलिव्हनला जड जाई. जॅक्सन सरकणारा होता, शिवाय उंच आणि बळकट.

१०/ दुसरा पुरावा कॉर्बेटचा. २१ मे १८९१ रोजी तो जॅक्सनशी ६१ फेऱ्या, सुमारे चार तास लढला. निकाल लागला नाही. ७ सप्टेंबर १८९२ रोजी त्याच कॉर्बेटने सुलिव्हनला २१व्या फेरीत झोपवले. मात्र एवढ्यावरून जॅक्सन श्रेष्ठ ठरत नाही. १८९२चा सुलिव्हन तीन वर्षे विजेतेपदासाठी लढलेला नव्हता.

११/ म्हणून अंदाज जपून करावा. पहिल्या आठ-दहा फेऱ्या सुलिव्हनच्या. एक उजवा ठोसा नेमका बसला तर खेळ तेथेच संपतो. तो चुकवत जॅक्सन पुढे गेला, तर त्याचा लांब डावा हात सुलिव्हनचा श्वास आणि चेहरा दोन्ही फोडत जातो. विसाव्या फेरीनंतर पारडे जॅक्सनकडे झुकलेले दिसते.

१२/ गोऱ्या समाजाला भय याच शक्यतेचे होते. ६ सप्टेंबर १८९२ रोजी, कॉर्बेट-सुलिव्हन लढतीच्या आदल्या रात्री, न्यू ऑर्लिन्सच्या त्याच क्लबात कृष्णवर्णीय फेदरवेट विजेता जॉर्ज डिक्सन याने गोऱ्या जॅक स्केलीला आठ फेऱ्यांत हरवले. गोरे प्रेक्षक इतके बिथरले की क्लबाने मिश्र लढतीच बंद केल्या. हेवीवेटचा मुकुट तर याहून मोठा.

१३/ विजेता झाल्यावर कॉर्बेटनेही जॅक्सनला पुन्हा रिंगणात घेतले नाही. सुलिव्हनने आखलेली वर्णरेषा विजेतेपदाबरोबर वारशाने पुढे गेली. जॅक्सन रंगमंचावर ‘अंकल टॉम्स केबिन’मध्ये कामे करू लागला. १८९८ मध्ये जिम जेफ्रीजने त्याला तीन फेऱ्यांत हरवले, पण तो ऐन भरातला जॅक्सन नव्हता. १३ जुलै १९०१ रोजी क्वीन्सलंडमधील रोमा येथे क्षयाने त्याचा अंत झाला.

१४/ २६ डिसेंबर १९०८ रोजी जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेटचे विजेतेपद मिळवले. हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. स्थळ सिडनी, जॅक्सन जेथे शिकला तेच शहर.

१५/ विजेता म्हणून सुलिव्हनच्या नावावर पराभव एकच, कॉर्बेटकडून झालेला. ती नोंद वाचताना तो कोणाकोणाशी लढला एवढे पाहून भागत नाही. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत पीटर जॅक्सनचे नाव नाही, आणि ते नसण्याचा निर्णय सुलिव्हनचा होता, हेही वाचावे लागते.