चैत्रांतील अंगणाची पंगत



गेल्या पंधरवड्यांत आमच्या शेजारची एक सुविद्य सूनबाई मजकडे आली. तिच्या हातीं एक सचित्र पुस्तक होतें. बागेंत मांडलेलें मेज, वर पांढरी चादर, मधोमध फुलांची परडी आणि भोंवतीं खुर्च्या, असें त्यांत चित्र होतें. "गुरुजी, उन्हाळ्यांत पाहुण्यांना अंगणांत जेवूं घालण्याची आपल्याकडे कांहीं रीत होती का?" असा तिचा प्रश्न. "होती" असें मीं तत्काळ सांगितलें. परंतु ती कशी होती, आणि तींत काय उणें होतें, हें सांगावयास थोडा अवकाश लागतो. तो अवकाश आज आपणांकडून मागून घेतों.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. त्या वेळीं आपल्या ह्या करवीर प्रांतावर शिलाहार राजा गंडरादित्य राज्य करीत होता, आणि शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते. तेव्हां तो ग्रंथ आपणांस अगदींच परका नव्हे. राजाच्या भोजनाचें एक प्रकरण त्यांत आहे. तेथें मांडे आहेत, वडे आहेत. पिण्याच्या पाण्याचें निराळें प्रकरण असून तें फुलांनीं सुवासित कसें करावें हेंही सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर उपवनांतील विहाराला 'वनक्रीडा', हिरवळीवरील विहाराला 'शाद्वलक्रीडा' आणि चांदण्यांतील विहाराला 'ज्योत्स्नाक्रीडा' अशीं स्वतंत्र नांवें दिलेलीं आहेत. उघड्यावर रमण्याची हौस आपणांस साहेबानें शिकविली, असें म्हणण्यास म्हणूनच आधार नाहीं. साहेबाच्या आगमनानें घरोघरीं शिरलें तें मेज आणि खुर्ची.

पण राजाचें राहूं द्या. सामान्य गृहस्थाचें मेज म्हणजे भुईच. ऊन कललें कीं अंगणांत सडा घालावयाचा. मातींत मुरलेलें पाणी वाऱ्यानें उडूं लागलें म्हणजे भुईची धग निघून जाते. मडक्यांतलें पाणी गार होतें तें ह्याच न्यायानें. मग पाट मांडावयाचे. पाटापुढें केळीचें पान, नाहीं तर चोयांनीं टांचलेली पळसाच्या पानांची पत्रावळ, आणि तिच्याभोंवतीं रांगोळीची महिरप. केळीच्या पानाचें निमुळतें टोंक जेवणाराच्या डाव्या हातास आलें पाहिजे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्यें भात. जें पोटभर खावयाचें तें उजव्या हाताशीं, आणि जें केवळ जिभेला लावावयाचें तें पलीकडे, अशी ही व्यवस्था आहे. वाढणारे हात बदलले तरी मिठाची जागा बदलत नाहीं. अंधार पडूं लागला तरी जेवणाराचा हात चुकत नाहीं.

ह्या रीतीचें सर्वांत रसिक रूप पाहावयाचें तर तें चैत्रगौरीच्या हळदीकुंकवांत. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर पाळण्यांत बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. तेवढ्या अवधींत एखादे दिवशीं आरास करून सुवासिनींना बोलवावयाचें. अंगणांत चैत्रांगणाची रांगोळी, कमळाच्या आकारांत कापलेलें कलिंगड, ओटींत भिजविलेले हरभरे, माठांत वाळ्याची जुडी, हातावर अत्तर आणि अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा. पानावर कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि पेल्यांत गुळाचें पन्हें. त्या ऋतूंत मातींत जें पिकतें आणि वेलीवर जें उमलतें, तेंच पानावर आणि तेंच केसांत. डाळींतली हिरवी मिरची तेवढी मागाहूनची. ती पोर्तुगीज लोकांच्या जहाजांतून आली. सोमेश्वर राजाला ती ठाऊक नव्हती!

आतां उणें काय तें सांगतों. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं हा समारंभ थाटानें होत असे. सकाळपासून कैऱ्या किसणें, पन्हें गाळणें, मोगऱ्याचे गजरे ओवणें हीं सारीं कामें माझी आत्या करी. गजरा तिच्यासारखा कोणी ओंवीत नसे. सायंकाळीं बायका येऊं लागल्या कीं ती उठून माजघरांत जाई आणि दाराआड बसे. कारण ती विधवा होती. आम्हां मुलांना ह्यांत कांहींच विचित्र वाटत नसे. आज मला लागून राहतें तें हेंच. आणि माजघरापर्यंत तरी तिला जागा होती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांना अंगणाची पायरी चढण्याचीही मुभा पूर्वीं नसे. पंक्ति जितकी नेटकी, तितका पंक्तिभेदही नेटका!

ह्या भेदावर आपल्याच नगरीच्या राजानें घाव घातला. १९२० सालच्या मार्च महिन्याच्या २१ व २२ तारखांस, म्हणजे चैत्राच्या तोंडावर, कागल जहागिरींतील माणगांव येथें अस्पृश्य मानलेल्या बांधवांची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू छत्रपति त्या परिषदेस गेले, बोलले, आणि भाषणांतच त्यांनीं आंबेडकरांस आपल्या रजपूतवाडीच्या कॅम्पवर आपल्याबरोबर जेवावयास येण्याची विनंती केली. पक्वान्नें कोणतीं होतीं ह्याला महत्त्व नाहीं. निमंत्रण भरसभेंत, सर्वांच्या देखत दिलें, ह्याला आहे. ह्याच शहरांत गंगाराम कांबळे यांच्या 'सत्यसुधारक' हॉटेलांतला चहा महाराज भररस्त्यांत गाडी थांबवून घेत असत. छत्रपति उघड्यावर पीत ते ह्यासाठीं कीं, सर्वांनीं तें पाहावें. १९२२ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. परंतु पंगत मांडणाराची खरी परीक्षा कोठें होते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

तेव्हां सूनबाईला मीं सांगितलें तें असें. मेज मांडा किंवा पाट मांडा, त्यांत पाप नाहीं. सडा मात्र घाला. चादरीवर केळीचें पान अंथरा; मोगरा पाण्याच्या वाटींत ठेवा, म्हणजे तो रात्रीपर्यंत टिकेल; मीठ-लिंबू डावीकडेच असूं द्या. आणि सर्वांत आधीं पाहुण्यांची यादी मला दाखवा.

तिनें ती दाखविली. पंधरा नांवें होतीं. "तुमच्या थोरल्या जाऊबाई?" मीं विचारलें. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले. "त्या यायच्या नाहींत," ती म्हणाली. "विचारलें होतें का?" ती गप्प राहिली. मग मीं तिला आत्याची हकीकत सांगितली. ही गोष्ट तिच्याच अनुमतीनें आपणांपुढें ठेवीत आहें. ऐकून ती कांहीं बोलली नाहीं. उठतांना मात्र तिनें माझ्या मेजावरची पेन्सिल मागून घेतली.