ढोरायचा दवाखाना आणि मांजराचे दात

अकोला-अमरावतीकडच्या खेड्यांत पशुवैद्यकीय दवाखान्याला आजही ‘ढोरायचा दवाखाना’ म्हणतात. सरकारी पाटीवर काहीही लिहिलेले असो, बोलीने आपली पाटी केव्हाच लावून ठेवली आहे. प्रमाण मराठीतला ‘गुरांचा दवाखाना’ हा तिचाच सख्खा भाऊ. बोलीभाषेचा अभ्यासघटक शिकवताना आम्ही ‘ढोरायचा’ या रूपाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो, सामान्यरूपातला ‘य’ दाखवतो आणि पुढे जातो. या शब्दाबाहेर कोण राहिले, हा प्रश्न वर्गात कधी निघाला नव्हता. ढोर म्हणजे बैल, गाय, म्हैस. फार तर शेळीला त्यात जागा मिळते. कुत्रे काही ढोर नव्हे, आणि मांजर तर नव्हेच.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका मांजरीमुळे. आमच्यापैकी एकीच्या घरची ही मांजर, वय अकरा. काही महिन्यांपासून ती ताटलीशी यायची, घास उचलायची आणि मान वाकडी करून तो टाकून द्यायची. आम्ही त्याचा अर्थ लावला : म्हातारी झाली, खोडी काढते. शब्दाशब्दाचा कीस पाडणारी आम्ही माणसे, पण जबड्याची ती वाकडी हालचाल काही आम्हाला वाचता आली नाही. पुढे तपासणीत कळले की तिच्या चार दाढा हिरडीच्या कडेशी विरघळत चालल्या होत्या. मांजरांच्या या विकाराचा माणसाच्या दातकिडीशी संबंध नसतो. शरीरातल्याच पेशी दाताचे कठीण द्रव्य शोषून घेतात, वरून थोडीशी लाली दिसते आणि खरी पडझड क्ष-किरण चित्रातच उघड होते. त्यावर भरण टिकत नाही, दात काढावाच लागतो. इतकी साधी गोष्ट आपल्याला ठाऊक का नसावी, या शरमेतून पुढचे वाचन झाले.

जनावराच्या दातांकडे आपला समाज पाहतच नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट, बैलबाजारात सगळ्यात आधी उघडले जाते ते तोंड. गुरांना वरच्या जबड्यात पटाशीचे दात नसतात, खाली आठ असतात. ते जोडीजोडीने बदलतात : पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास आणि शेवटची चार वर्षांच्या आत-बाहेर. दुधाचे दात न पडलेला तो आदत, पुढे दोनदाती, चारदाती, सहादाती आणि आठही आले की जुळलेला. पाहणारा खालचा ओठ अंगठ्याने दाबतो, क्षणभर पाहतो आणि रुमालाखाली बोटांचा सौदा सुरू होतो. दाखल्याशिवाय वय सिद्ध करणारी ही लिपी निरक्षर शेतकऱ्यालाही अस्खलित वाचता येत असे. ‘धर्माची गाय आणि दात का न्हाय’ ही म्हण याच व्यवहारातून आलेली आहे. दात मोजायचे ते विकतच्या गायीचे. दानात मिळालेलीचे मोजणे हा कृतघ्नपणा. म्हणजे म्हणीतसुद्धा दात येतो तो किमतीच्या अंगाने. त्या गायीला चावता येते का, हे म्हण विचारत नाही.

जुन्या ग्रंथांत डोकावले तर हाच भेद अधिक ठसठशीत दिसतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त घोड्याच्या लक्षणांचा अध्याय आहे आणि त्यात दातांचा रंग व त्यांवरच्या खुणा पाहून वय कसे ओळखावे, हे पायरीपायरीने सांगितले आहे. त्याच ग्रंथात ‘श्वलक्षण’ नावाचा एक चिमुकला अध्याय कुत्र्यालाही मिळाला आहे. तिथे नखांची संख्या आहे, ओठांचा आणि नाकाचा रंग आहे, चाल, शेपूट, डोळे, कान, सगळे आहे. दात तेवढे नाहीत. जो प्राणी दातांवरच जगतो त्याचे दात शास्त्रकाराला नोंदवावेसे वाटले नाहीत, कारण कुत्र्याचे वय कुणाला विकत घ्यायचे नव्हते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेला ‘मानसोल्लास’ मराठीच्या विद्यार्थ्यांना प्राचीन मराठीच्या नमुन्यासाठी माहीत असतो. त्यातही कुत्र्यांवर ‘सारमेयविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे; पण नावच सांगते की हा राजाचा विनोद आहे, शिकारीचा.

वैद्यकात तर कुत्र्याचा दात येतो तो थेट माणसाच्या मांसात रुतलेला. सुश्रुताच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे, अलर्कविषाचे, वर्णन आहे. आणि याच सुश्रुताला माणसाच्या तोंडाविषयी किती बारीक ठाऊक होते! दातांवर साचून घट्ट होणाऱ्या थराला, ज्याला आपण आज कीटण म्हणतो, त्याने ‘दंतशर्करा’ असे नेमके नाव दिले आहे. ती खरवडण्याच्या ‘दंतशंकू’ची गणना त्याच्या शस्त्रांत होते. नाव होते, हत्यारही होते. फक्त ते कुत्र्यामांजरांच्या तोंडापर्यंत नेण्याचे कारण नव्हते.

आमच्या मुलखाचा आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’. अमरावती जिल्ह्यातल्या ज्या रिद्धपुराच्या परिसरात तो आकाराला आला, तिथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. त्यातली सशाची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळत आलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरतो आणि स्वामी त्याला अभय देतात. अहिंसेची ही गोष्ट शिकवताना आमची नजर कायम सशावर राहिली. कुत्री तिथे केवळ दात म्हणून हजर असतात. पाठलाग करणारे, माणसाने सोडलेले दात. तेराव्या शतकातल्या कथेकडून आम्ही याहून अधिक मागत नाही, पण वाचक म्हणून आपली नजर कुठे थांबते, हे तपासायला हरकत नसावी.

एकोणिसाव्या शतकात चित्र थोडे हलते, तेही मुंबईत. १८३२च्या जूनमध्ये सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम सुरू झाली आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. बाजार बंद पडले. शहराच्या इतिहासात ही कुत्र्यांसाठीची दंगल म्हणून नोंदली गेली आहे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. आज पांजरपोळ म्हटले की गाय डोळ्यांपुढे येते. मुंबईतल्या त्याच्या जन्मवेळी मात्र कुत्री दाराशी उभी होती, हे आपण विसरलो. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले आणि १८८६ मध्ये तिथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

वऱ्हाडची गोष्ट निराळी. १८५३ मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस पिकवायला बैल हवा, आणि गाडीतून बाजारापर्यंत पोचवायलाही बैलच हवा. परतवाड्याच्या छावणीतल्या घोड्यांसाठी साळोत्री होता; शालिहोत्र या अश्ववैद्याच्या नावावरून आलेला हा शब्द. बैलासाठी सरकार जागे झाले ते बुळकांडीच्या साथींनी. गुरांच्या साथरोगांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१ सालचा आहे. बुळकांडीतही तोंड उघडून पाहावे लागे, कारण हिरड्यांवरचे व्रण ही तिची खूण, तसे ते लाळ्या-खुरकतीतही पाहावे लागते. पण ते तोंड साथीचे दार म्हणून पाहिले जाई. बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. हे यश मोठे आहे, आणि ज्याला आम्ही किंचित तिरकसपणे ढोरायचा दवाखाना म्हणालो, त्यातल्याच माणसांचे ते श्रेय आहे, हे नमूद केलेच पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर नागपूरला १९५८ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. पंजाबराव देशमुखांचे नाव घेऊन अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि २००० साली पशुवैद्यकाला नागपुरात स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था त्याच विद्यापीठाची. कुत्र्यामांजरांची दंतचिकित्सा ही आपल्याकडच्या अभ्यासक्रमात वेगळी विद्याशाखा नाही. ती शल्यशास्त्र व क्ष-किरणशास्त्र या विषयाच्या पोटात बसते. परदेशातही हे सगळे फार जुने नाही. फ्रान्समध्ये लियाँ येथे १७६१ साली पहिली पशुवैद्यक शाळा निघाली ती घोडे आणि गुरे यांच्यासाठी. घोड्याच्या दाढांच्या टोकदार कडा कानशीने घासणे हीच दीर्घकाळ पशूंची दंतचिकित्सा होती. अमेरिकेत पशुदंतवैद्यांची संघटना स्थापन व्हायला १९७६ उजाडले, आणि तिथल्या विशेषज्ञांच्या महाविद्यालयाला मान्यता मिळाली १९८८ मध्ये. मोटारीने घोडा रस्त्यावरून घालवला, कुत्रे अंगणातून दिवाणखान्यात आले, आणि वैद्यकाची नजर एका जबड्यावरून दुसऱ्या जबड्याकडे वळली. आमच्याकडे हेच ट्रॅक्टरने केले. बैलबाजार ओसरत गेले, दातांची ती लिपी वाचणारे म्हातारे झाले. त्याच वेळी अकोल्याच्या आणि अमरावतीच्या नव्या वसाहतींत कुत्री गच्चीवर राहू लागली, बिस्किटे खाऊ लागली.

कुत्र्याचे कायमचे दात बेचाळीस, मांजराचे तीस. कुत्र्यांत दातकीड क्वचित. त्यांचा खरा शत्रू म्हणजे कीटण आणि त्याखाली सुजत, सुटत जाणारी हिरडी. तीन वर्षे ओलांडलेल्या बहुसंख्य कुत्र्यांत हा विकार कमीअधिक असतो, असे पशुवैद्यक मानतात. तोंडाला येणारा वास हा ‘कुत्र्याचा वास’ नसून रोगाचा असतो. हे कीटण हिरडीच्या खालून काढावे लागते आणि त्यासाठी पूर्ण भूल लागते. इथेच घरचे लोक माघार घेतात. नुसते वरून खरवडून दात पांढरे करता येतात, पण तेवढ्याने हिरडीखालचे दुखणे तसेच राहते. घरी घासायचे तर आपली पेस्ट चालत नाही. कुत्रे चूळ भरत नाही, ती गिळते. काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल तर त्याला विषासारखे आहे.

गाडगेबाबांची आठवण येथे टाळता येत नाही. शेंडगावात जन्मलेला, दापुऱ्यात मामाची गुरे राखत वाढलेला हा माणूस देवापुढच्या बळीविरुद्ध आयुष्यभर बोलला. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दशसूत्रीत पशुपक्ष्यांना, मुक्या प्राण्यांना अभय आहे. ‘मुके’ हा शब्द आपण करुणेने वापरतो, पण त्यात एक सोयही दडलेली आहे. मांजर मुके नसते. ती ताटलीशी येऊन परत जाते, एकाच बाजूने चावते, पंजाने गाल घासते, आणि अंग चाटणे सोडून देते. ती सांगत असते. आपल्याला त्याचे व्याकरण येत नसते. दुखणे लपवणे ही तिच्या जातीची जुनी सवय, त्यामुळे ती ओरडत नाही एवढेच.

आणि दारचे कुत्रे? २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न घरोघरी पोचवला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. रेबीजने माणूस मरतो आणि त्यात गरिबाची मुले अधिक असतात, हे विसरून या विषयावर बोलणे आम्हाला अप्रामाणिक वाटते. तरी त्या सगळ्या लिखाणात कुत्र्याचा दात पुन्हा सुश्रुताच्या अलर्कविषापाशीच येऊन थांबला होता, हेही खरे. कचऱ्यातली हाडे फोडताना मोडलेल्या सुळ्याने, उघड्या पडलेल्या शिरेने हे कुत्रे कसे जगत असेल, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सुचला नाही. आम्हालाही मांजरीआधी सुचला नसता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही टोपली मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी बार्शीटाकळीकडचे एक वृद्ध शेतकरी गोऱ्ह्याला घेऊन आले होते. त्यांनी बराच वेळ टोपलीकडे पाहिले आणि काय झाले म्हणून विचारले. दात काढायचेत म्हटल्यावर ते आधी हसले, मग गंभीर झाले. टोपलीशी वाकून त्यांनी मांजरीचे तोंड नीट न्याहाळले आणि विचारले,

“किती दाती हाय हे?”